राक्षसिणीसाठी चेहरा

तीर्थरूप आई यांना,

जावयाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं, आणि वाकल्यावर तुमचीच आठवण झाली, तेव्हा तो नमस्कार तुमच्याच खात्यात धरावा.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी नीट कळलं नाही, कारण तुम्ही सांगत असतानाच तुमच्या लेकीने माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला. डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? हे मी चष्मेवाला म्हणून विचारतो आहे, जावई म्हणून नव्हे. जावई म्हणून तुम्हाला काही विचारायची माझी अजून छाती होत नाही. आम्ही इकडे खुशाल आहोत. प्रकृती सगळ्यांच्या उत्तम आहेत, फक्त माझी डावी भुवई गेली आहे. ती कशी गेली ते ओघात येईलच.

पत्राचं कारण विशेष काही नाही. (हे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिलं आहे, म्हणून इथे कागद जरा विरल्यासारखा दिसेल.) म्हणजे एक लहानशी गोष्ट आहे, पण ती एकदम सांगितली तर तुम्ही पत्राची तिथेच घडी घालाल आणि वर पेपरवेट ठेवाल अशी मला धास्ती आहे. तेव्हा आधी हकिगत सांगतो.

तुमची लेक दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते आणि संध्याकाळी घरी येऊन राक्षस काढते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा जेवणाच्या टेबलासमोर तिचं एक चित्र लावलेलं होतं. तुम्ही ते उलटं करून भिंतीला टेकवलंत आणि मग जेवायला बसलात. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या प्राण्याला घशातसुद्धा एक डोळा होता आणि तो आपल्या ताटाकडे बघत असे. जाताना तुम्ही तिला एवढंच म्हणालात की हात चांगला आहे तुझा, मग फुलं का नाही काढत. तिने आज्ञाधारकपणे फूल काढलंही. फुलाला दाढा होत्या. पण त्या दिवसापासून तिने तुम्हाला एकही चित्र दाखवलेलं नाही, आणि तुम्ही यायच्या आधी ती सगळी चित्रं कपाटामागे सरकवते, हे तुम्हाला माहीत नसेल म्हणून लिहितो.

या दाढांविषयी थोडं सांगायलाच हवं. इतर लोक राक्षस काढतात तेव्हा तोंडभर सुळे काढून मोकळे होतात. तुमची लेक म्हणते, असल्या प्राण्याला तोंड मिटता येणार नाही, तो उपाशी मरेल. तिच्या राक्षसांचा वरचा जबडा खालच्यावर बरोब्बर बसतो. झाडपाला खाणाऱ्याला रुंद दाढा, हाडं फोडणाऱ्याला जाड, आणि म्हाताऱ्या राक्षसाचे एका बाजूचे दात जास्त झिजलेले, कारण तो त्या बाजूने चावतो. मी सुरुवातीला हसायचो. मग एके दिवशी तिचं चित्र बघत असताना माझ्या लक्षात आलं की मी त्या म्हाताऱ्या राक्षसाच्या जेवणाची काळजी करतो आहे. तेव्हापासून मी हसत नाही, आई. शेजारी बसून बघतो. आधी कागदावर नुसती धूळ असल्यासारख्या रेघा असतात, ही चहाचा घोट घेते, दोन रेघा ओढते, आणि समोर कोणीतरी श्वास घ्यायला लागतं. इतकी वर्षं एका घरात राहून मला अजून कळलेलं नाही की हे नेमकं कधी घडतं. दर वेळी मी ठरवून टक लावून बसतो आणि दर वेळी ते निसटतं.

तर आता मुख्य बातमी. वाचनालयाच्या मोठ्या हॉलमध्ये येत्या रविवारी अशा कल्पनेतल्या प्राण्यांचा मेळावा आहे. आधी चित्रं मागवली होती, पुष्कळ आली, त्यांतून मोजकी निवडली, आणि त्यांत तुमच्या लेकीची राक्षसीण आहे. निवडलेल्यांनी तिथे लोकांसमोर आपलं चित्र एखाद्या जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर रंगवायचं. माणूस आपला आपण आणायचा. ही बातमी कळली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिच्या चित्राकडे बाहेरच्या कोणी मान वर करून बघितलं, असं पहिल्यांदाच झालं होतं. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. मी आनंदाच्या भरात म्हणून गेलो की माझा चेहरा घे.

चेहरा दिला, आई. सुट्टीच्या दिवशी सकाळी खिडकीपाशी खुर्ची मांडून, हात बसावा म्हणून आधी एक शिंगांचा, खवल्यांचा राक्षस काढायला ती लागली. कपाळाला शिंगं कवळी चिकटवायच्या पेस्टने चिकटवली, गालावरचे फोड हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याचे केले आणि बाकी चेहऱ्यावर बारीक ब्रशने एकेक खवला काढला. हे फार वेळ चाललं. इतका वेळ की माझ्या चेहऱ्यावर काही आहे याचा मला साफ विसर पडला. (माणसाला जगातलं सगळं दिसतं, स्वतःचं तोंड तेवढं दिसत नाही. आमचा धंदा चालतो तो आरशांच्या जोरावर.) तेवढ्यात खालून दुकानाची घंटा वाजली. दुकान बंद होतं, पण घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांना त्या दिवशी चष्मा द्यायचं मी कबूल केलं होतं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुपारच्या गाडीने गावाला निघायचं होतं. ही मोरीत ब्रश धूत होती. मी तसाच खाली धावलो.

आजोबांना चष्म्याशिवाय सगळं धुकंच होतं. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने नमस्कार केला, मीही केला. त्यांना खुर्चीवर बसवलं, नवा चष्मा कानांवर नीट बसवला, नाकावरचा दाब बघायला अगदी जवळ वाकलो आणि नेहमीच्या सवयीने विचारलं की कसं दिसतंय. आजोबांनी चष्मा बोटाने वर सरकवला. मग हळूच म्हणाले, "फारच स्पष्ट."

मी खूश झालो. नंबर बरोबर लागला की मला फार बरं वाटतं. मी त्यांना वाचायच्या पाटीकडे बघा म्हटलं, पण ते माझ्यावरची नजर काढीनात. तेव्हा कुठे पाटीशेजारच्या आरशात मला मी दिसलो, आणि आई, खोटं कशाला सांगू, किंचाळलो तो मी. आजोबा जागचे हललेसुद्धा नाहीत. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आयुष्यभर घड्याळाच्या आतली चाकं ज्या नजरेने पाहिली त्या नजरेने एकेक खवला तपासला, आणि विचारलं की हे कोणी केलं. बायकोने, म्हटलं. ते म्हणाले की मला तिला बघायचंय. गाडीची वेळ होत आली होती, तरी ते काठी टेकत जिना चढून वर आले. ही ओल्या हातांनी बाहेर आली. आजोबा तिच्या हातांकडे बघत राहिले, मग स्वतःचे दोन्ही हात जोडले आणि निघून गेले. त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं बरं नाही. तर म्हणाली, पोट भरलंय.

एवढं होऊनही माझा चेहरा नापास झाला. तिचं म्हणणं असं की माझ्या चेहऱ्यावर ब्रश कुठे अडतच नाही, सरळ घसरतो. कपाळाला आठी नाही, गालाला खळगा नाही. मी हसलो की राक्षस हसत नाही, नुकताच जेवून उठल्यासारखा दिसतो. आयुष्यात काही झालंच नाही असा माझा चेहरा आहे, म्हणाली. मी तिला आठवण करून दिली की माझं तिच्याशी लग्न झालं आहे. ते दिसत नाही म्हणाली. पुढे शिंगं काढताना पेस्ट सुटेना, मसाला आणि पेस्ट एकत्र वाळून दगड झाले होते. शेवटी शिंग आलं ते भुवईला सोबत घेऊनच आलं. गिऱ्हाइकं विचारतात, मी दाढी करताना हात घसरला म्हणून सांगतो. कोणाचाही विश्वास बसत नाही.

मग शेजारच्या व्यायामशाळेतला ट्रेनर तयार झाला. देह केवढा, दंड केवढे, मानेला मान म्हणावी की बुरूज, असा गडी. तो गुदगुल्यांमुळे निम्मा वेळ खिदळत होता आणि उरलेला निम्मा वेळ डोळे घट्ट मिटून बसला होता. अर्धा चेहरा झाल्यावर तिने त्याला आरसा दाखवला, तर तो "आई गं" म्हणून थेट घरी गेला. अजून आमच्या दारावरून जात नाही, पलीकडच्या गल्लीने वळसा घालतो. त्याला दोष कसा देऊ? ती राक्षसीण आहेच तशी. तिला एकही सुळा नाही. तोंड मिटलेलं. डोंगरासारखी बसलेली, कपाळावर खोल घड्या, पापण्या जड, आणि मानेच्या वळकट्यांत कितीतरी चिमुकले प्राणी गाढ झोपलेले. सगळे झोपलेत, ती एकटी जागी आहे. तिच्याकडे बघताना पळून जावंसं वाटतं आणि त्याच वेळी त्या वळकट्यांत आपल्यालाही जागा मिळेल का, असं वाटतं. असं मला आजवर कुठल्या चित्रासमोर झालेलं नाही.

पण चेहरा काही मिळत नाही. काल तिने नाव मागे घेत असल्याचा मजकूर आयोजकांसाठी लिहून ठेवला. अजून पाठवलेला नाही. दिवसभर दातांना पॉलिश करते आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसते. ब्रश धुऊन, वाळवून डब्यात घातले आहेत. ती असे डब्यात कधी घालत नाही, बाहेर पेल्यात उभे असतात. मला ते बघवत नाही, आई. एवढंच सांगायचं होतं.

गुडघ्याला शेकत जा. मेहुण्याला आणि मुलांना माझा आशीर्वाद, मागतील तेवढाच. तुमच्या आशीर्वादाची मात्र आम्हाला या खेपेस जरा जास्त गरज आहे.

आपला,
(एका भुवईचा) जावई

ता. क. लहानशी गोष्ट राहिलीच. तिला हवा असलेला चेहरा असा: वय झालेलं, कपाळावरच्या आठ्या खोल, पापण्या जड, आणि लोकांनी कितीही टक लावून पाहिलं तरी न हलता, न हसता बसून राहू शकेल असं माणूस. मी सगळ्या नातेवाइकांचे चेहरे डोळ्यांसमोर आणून पाहिले. (चष्मेवाल्याला चेहरे लक्षात राहतात.) तुम्ही हेड नर्स होतात तेव्हा वॉर्डात शिरलात की पेशंटांचा तापसुद्धा आपणहून उतरायचा, असं तुमच्या हाताखालच्या बाईंनीच मला सांगितलं आहे. तर शनिवारी सकाळच्या गाडीने येऊ शकाल का? स्टेशनवर मी येतो. खुर्ची पाठीला टेकण असलेली आहे, गुडघ्याखाली उशी देऊ. पेस्ट वापरणार नाही, तुमच्या भुवया सुरक्षित राहतील, हा माझा शब्द.

ता. क. २. हे तिने सुचवलेलं नाही. तुम्हाला विचारायची तिला सात जन्मांत हिंमत होणार नाही. चित्राची प्रत सोबत जोडली आहे, चष्मा लावून, उजेडात पाहा. मी तिला विचारलं होतं की ही कोण. कोणी नाही, मनातून आली, म्हणाली. तिला खरंच ठाऊक नाही, आई. मला मात्र बघताक्षणी कळलं, कारण या चेहऱ्याला मी लग्न ठरल्यापासून घाबरत आलो आहे. मागे ती सांगत होती की लहानपणी तुम्ही रात्रपाळीहून पहाटे येऊन, पांढरा गणवेश न बदलताच खुर्चीत बसायचात, ती उठून तुमच्या मांडीवर येऊन पुन्हा झोपायची, आणि डोळे मिटताना वर तुमचा चेहरा दिसायचा. हे चित्रही खालूनच पाहिलेलं आहे. मी तिला काही बोललेलो नाही. तुम्ही समोर बसलात, तिने ब्रश हातात घेऊन तुमच्याकडे वर बघितलं, की तिचं तिलाच कळेल. ते बघायला मला तिथे असायचं आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ती आली. मी अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं की समजा, बरोबर चेहरा मिळालाच, तर रविवारी सगळं वेळेत होईल का, रंग पुरेल का. आता जे लिहितो ते तिचं उत्तर आहे, माझं नव्हे, आणि ते कोणाविषयी बोलते आहे हे तिला माहीत नव्हतं, तेव्हा राग मानू नये. म्हणाली, चेहरा बरोबर असेल तर रंग फारसा लागणारच नाही.