दादाच्या गाडीची शिट्टी

वहिनी,

दादाची गाडी घेऊन जातोय. दारात चालू करणार नाही. शेजारच्या सुताराला हाताशी घेऊन कोपऱ्यापर्यंत ढकलत नेणार आहे, म्हणजे आईला इंजिनाच्या टर्बोची शिट्टी ऐकू यायची नाही.

"घरच्यांना ऐसपैस आणि मला पळवायला," म्हणत दादाने ही लांबलचक गाडी घेतली होती. गल्लीत वळताना मुद्दाम पाय दाबायचा, शिट्टी घुमवायचा. तो गेला, तरी आईच्या कानातून ती जात नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मी गाडी फिरवून आणतो, तर दरवेळी "आला गं" म्हणत ती दाराशी येते आणि मला बघून आत जाते.

विक्रीच्या कागदांवर सही करताना तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही न बोलता निघालो. घेणारा लांब राहतो, आवाज इकडे येणार नाही. छोटीची गाडीतली सीट काढून जिन्याखाली ठेवलीय. आईला सांग, गाडी गॅरेजला दिलीय.

आणि रागावू नकोस. आईचं आपलं निमित्त. परवा मी गाडी गल्लीत वळवली, तेव्हा तिच्या आधी दारात तू होतीस, साबणाच्या हातांनी.