नववं मत

२ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे. स्टुटगार्टमध्ये वोनुंगसाठी, भाड्याच्या घरासाठी, आठ महिने जोडे झिजवले आणि शेवटी एस-बान लोकलच्या शेवटच्या टोकाच्या गावात हे घर मिळालं. खाली आम्ही, वर घरमालकीण फ्राउ केसलर. मागे शेत, टेकडीवर पडका किल्ला. सत्यजित म्हणाला, बायको, तुला गड चढायची हौस होती ना, घे. कुहूची शाळा पाच मिनिटांवर. सहा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. आज पोळ्या केल्या तरी स्मोक अलार्म बोंबलला नाही. घर लाभणार.

६ नोव्हेंबर
सत्यजित कामाला बर्लिनला गेलाय, दोन आठवडे. दुपारी मी आमटीला फोडणी देत होते, कुहू टेबलाशी चित्र काढत होती. मागच्या दारात एक माणूस उभा. लोखंडी कड्यांचा अंगरखा, कपाळावर वाळलेलं रक्त. इथे लोक हौसेने जुन्या लढाया खेळतात, त्यातला असेल म्हटलं. तो गुडघ्यावर बसला, जुनाट जर्मनमध्ये काही विचारलं. त्यातलं कोनराड एवढं नाव कळलं. अंगाला ओल्या मातीचा वास. माझी पाचावर धारण बसली. कुत्रं हाकलावं तसं जा, जा म्हणाले. तो हसला, छातीवर हात ठेवला आणि गेला. ओल्या अंगणात एक पाऊल उमटलं नाही.

७ नोव्हेंबर
आज दुसरा. तसाच वेष, गळ्याला आरपार भोक. नाव रुडोल्फ. मी पुन्हा जा, जा. तोही खूश होऊन गेला. जेवताना कुहूने जर्मनमध्ये विचारलं, आई, तू दोघांनाही हो का म्हणालीस? जर्मनमध्ये जा म्हणजे हो! चार वर्षं दिवसातून पन्नासदा इथल्या बायकांशी जा, गेनाऊ, हो, अगदी बरोबर, करते, आणि मला हे सुचू नये.

९ नोव्हेंबर
फ्राउ केसलरना सांगितलं. त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. म्हणाल्या, आठशे वर्षांपूर्वी हे दोघे चुलतभाऊ एकाच गादीसाठी भांडले. राजा निवडणारे सरदार नऊ. चार इकडे, चार तिकडे. नववा याच जागेवर राहायचा. तोंडाने जा म्हटलं की मत पक्कं, आणि जामीन म्हणून राजा मत देणाऱ्याचं मूल ओलीस न्यायचा. नववा मत न देताच पळाला. मागच्या शेतात लढाई झाली, दोघेही मेले. तेव्हापासून या जागेवर जो राहील त्याच्याकडे ते नववं मत मागत येतात. म्हणून त्या स्वतः मागचं दार कधी उघडत नाहीत म्हणे. बाई, मग भाडेकरूला आधी सांगायला काय झालं होतं? मत परत घेता येतं का विचारलं. नाही म्हणाल्या.
सत्यजितला फोन केला. तो म्हणाला, जरा झोप काढ.

१० नोव्हेंबर
बॅग भरली, कुहूला घेऊन स्टेशनकडे निघाले. वळण संपलं की पुन्हा आमचंच दार. तीनदा. आता फोनही लागत नाही. वर फ्राउ केसलर दार उघडत नाहीत. शेतात भरदुपारी तलवारींचा खणखणाट.

११ नोव्हेंबर
कुहूला त्यांचं बोलणं कळतं. म्हणते, दोघेही सांगतात ही माझी. मी तिला पोटाशी धरून बसलेय. दुसरं काय करू — काहीच करता येत नाही —

१२ नोव्हेंबर, सकाळ
घरात आलेत. एकाने तिचा एक हात धरलाय, दुसऱ्याने दुसरा. ती रडतसुद्धा नाही. वहीत राजाचं नाव लिही म्हणतात. ज्याचं लिहीन तो तिला नेणार. ज्याचं नाही लिहिणार तो तिला इथेच —

त्यांना वाटतंय मी नाव लिहितेय. पेन चालतंय तोवर थांबतील. म्हणून लिहायचं. काहीही. जिरं मोहरी हिंग. रामरक्षा आठवत नाही. कुहू, सोन्या, आई इथेच आहे —

तिला विचारताहेत, आईने काय लिहिलं. तिला मराठी वाचायला शिकवलं नाही ते बरं झालं —

दोघेही ओढायला लागले. पान संपत आलं, वहीचं शेवटचं. बारीक लिहिते. अजून बारीक. सत्यजित, मी नाव लिहिलं नाही, मी कुणाचंच ना