बंदूक क्रमांक ७३१२

बर्मिंगहॅम,
१२ मार्च १९८३

प्रिय म्युरिएल,

तू आणि डग्लस बरे असाल असं धरून चालतो. माझा गुडघा दुखतो, बाकी ठीक. नाताळाच्या कार्डाखेरीज माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. कोणी मेलेलं नाही.

आपली बंदुकांची कंपनी ऑडली-पीच बंद पडून वीस वर्षं झाली, तरी तिच्या बंदुका काही मरत नाहीत. गेल्या ऑक्टोबरात श्रॉपशरच्या एका गृहस्थांचं पत्र आलं. आजोबांची बंदूक कधी आणि कोणासाठी बनली हे त्यांना हवं होतं. कंपनीतला जिवंत माणूस म्हणून कोणीतरी माझं नाव सांगितलं. म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. मी कळवलं की वह्या शोधून पाहतो.

चार महिने गेले. आपल्या कारखान्याच्या जागी आता मोटारी उभ्या करतात. कंपनीचं नाव ज्यांनी विकत घेतलं त्यांनी नाव ठेवलं आणि कागद भंगारात दिले. एक वही ग्रंथालयात निघाली, दोन एका बटणवाल्याच्या माळ्यावर, उंदरांनी कडा खाल्लेल्या. त्या गृहस्थांच्या बंदुकीची नोंद त्यांतच सापडली. माझं काम तिथंच संपत होतं. तरी मी दुरुस्तीची वही शोधत राहिलो. का, ते पुढे लिहितो.

आपल्या कारकुनाची बायको, मिसेस ओकली, आठवते? नव्वदीला टेकली आहे, पण जीभ तशीच. मी वहीचं विचारलं तर म्हणाली, "ती होय? कपाटाच्या पायाखाली आहे. पण आधी दुसरं काहीतरी दे. डुगडुगतं मेलं." मी कोपऱ्यातून टेलिफोनची जुनी डिरेक्टरी आणून सरकवली आणि वही ओढून काढली. "रूबेनचा मुलगा ना तू? तुझा बाप सरळ माणूस होता रे. त्याच्या हातून तसं झालं, हे मला अजून पटत नाही," असं ती म्हणाली. मी चहा घेतला आणि निघालो.

बंदूक क्रमांक ७३१२ कोणाची, हे तुला सांगायला नको. नोव्हेंबर १९५६. डग्लसच्या बंदुकीच्या नळीत आतून गंजाचे खड्डे पडले होते. तू बंदुकीच्या चौकटीवर नक्षी कोरायच्या बाकावर बसायचीस, पण नळ्यांचा नियम तुलाही पाठ आहे. चाचणीघरात नळीत जास्तीची दारू भरून बार काढायचा, नळी टिकली की शिक्का. त्यानंतर आतून घासून खड्डे काढले, तर नळी पातळ होते आणि जुना शिक्का फुकट. ती पुन्हा चाचणीला पाठवायचीच. ही नळी गेली नाही. शनिवारी ती डग्लसच्या डाव्या हातात फुटली आणि त्याची तीन बोटं गेली.

बाबांनी मालकांसमोर सांगितलं, नळी मीच घासली, पाठवायची राहिली. मालकांनी त्याच दिवशी त्यांना काढलं. तू डग्लसशी लग्न केलंस आणि बाबांशी बोलणं टाकलंस. एकाहत्तरला त्यांच्या अंत्यविधीलाही आली नाहीस. तुझं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

नोंद सापडली. कारकून ओकलीच्या नेटक्या अक्षरात: '७३१२. नळी आतून घासली. पुन्हा चाचणीला पाठवणे.' पुढे कारागिराचं नाव जाड शाईनं खोडलंय आणि वर बाबांच्या अक्षरात 'रूबेन' लिहिलंय. खोडलेलं मी भिंगातून पाहिलं, उजेडासमोर धरूनही पाहिलं. एक अक्षर लागत नाही.

ही वही जगातून गेली आहे ना, याची खात्री करायला मी चार महिने हिंडलो. आता ती मिळाली आहे, आणि तिच्यात माझ्याविरुद्ध काही नाही. बाबांचं काम पक्कं असायचं.

म्युरिएल, शाईखाली माझं नाव आहे. त्या आठवड्यात एका दुपारी बाबा छातीच्या दुखण्यानं लवकर घरी गेले होते. डग्लस माझ्या बाकाशी येऊन म्हणाला, "शनिवारी शिकारीला जायचंय, बाबांकडून करून दे की जरा." होणाऱ्या मेहुण्याला नाही म्हणवेना. चाचणीघरात आठवडा मोडला असता. मी घासली, तेल लावलं आणि त्याच्या हातात दिली. पुन्हा चाचणी व्हायला हवी, हे त्याला सांगितलं नाही. मी तेवीस वर्षांचा होतो, अडाणी नव्हतो.

त्या रात्री बाबा म्हणाले, "माझे हात तसेही थकलेत. तुझं सगळं पुढं आहे. तोंड उघडलंस तर याद राख." मी त्यांचं ऐकलं. इतका आज्ञाधारक मी दुसऱ्या कशातच नव्हतो. मला लाज वाटते, आणि ती बाबा गेल्यावर कमी झाली नाही, वाढली.

ते पान सोबत आहे. हे पत्र डग्लसलाही वाचून दाखव. त्याला काय म्हणायचं असेल ते त्यानं मला म्हणावं, बाबांना नको.

थडग्याच्या दगडावर बाबांच्या नावाखाली मी तुझ्यासाठी जागा सोडायला सांगितली होती. 'म्युरिएलचे वडील' एवढंच लिहायचं राहिलंय. तू म्हणशील तेव्हा कोरून घेतो. यायचं ठरवलंस तर दिवस कळव. मी त्या दिवशी तिकडे फिरकणार नाही.

ती नळी घासणारा,
तुझा भाऊ
सिरिल