परवानगी देण्यात येत आहे

१ सप्टेंबर, ०६३०
नवी वही. ही कोणी वाचायची नाही, रागिणीनेसुद्धा नाही. तसं तिला सांगितलं. तिने पाहिलंही नाही, मटार सोलत होती.

मोहीम अशी. आमच्या लेकीला, मधुरिमाला, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाळ होणार. मेलबर्नला. आम्ही दोघांनी १ नोव्हेंबरपर्यंत तिथे पोचायचं. व्हिसाचे दोन फॉर्म ऑनलाइन भरायचे. जबाबदारी मी घेतली आहे. एजंट नको आणि सेक्टर १७ मधला तो फॉर्म भरून देणारा दुकानदारही नको. ऑर्डनन्समध्ये, म्हणजे फौजेच्या कोठारात, अठ्ठावीस वर्षं काढली. एक सुई हरवली नाही. दोन फॉर्म म्हणजे काय!

काम फत्ते: ५ सप्टेंबर. फार तर ६.

३ सप्टेंबर, १११५
फॉर्म उघडला. 'अच्युत' एवढं लिहून होईतो उजव्या कोपऱ्यात लाल खिडकी. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस. बंद केली. सहा व्हायरस. मग सायरन. वरच्या मजल्यावरच्या ग्रेवाल मॅडमनी फोन करून विचारलं की कर्नलसाब, मॉक ड्रिल आहे का.

अशा वेळी पासपोर्टचा नंबर टाकणं म्हणजे शत्रूला नकाशा देणं. फॉर्म स्थगित. आधी बंदोबस्त.

४ सप्टेंबर, १०००
बंदोबस्त झाला. 'पॉप-अप कसे बंद करावेत' असं शोधलं तर 'महाकवच' नावाची वस्तू फुकट मिळाली. ब्राउझरला जोडायची, बस. जोडताना तिने विचारलं, सगळ्या साइटवरचं सगळं वाचू का आणि बदलू का? अलाऊ की ब्लॉक? विचारून करणारा माणूस मला आवडतो. रीतसर अर्ज घेऊन आलेल्या एकाही जवानाची रजा मी कधी नाकारली नाही. अलाऊ.

हवामानाची साइट, राशिभविष्य, गुडघेदुखीवरचा एक ब्लॉग, यांनीही सूचना पाठवू का म्हणून नम्रपणे विचारलं. सर्वांना अलाऊ.

९ सप्टेंबर, ०७५०
चहाच्या आधी चौदा पॉप-अप. एकात लिहिलं होतं, पोटाचा घेर सात दिवसांत कमी करा. याला माझं पोट कसं दिसलं? कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली.

निष्कर्ष: ब्राउझर फितूर आहे. हा रंगीत चकतीवाला काढायचा, निळ्या लाटेवाला आणायचा. रागिणीने विचारलं, फॉर्मचं काय? म्हटलं, ठाणं सुरक्षित झाल्याशिवाय मोर्चा निघत नाही.

११ सप्टेंबर, १६००
चार्ज दिला-घेतला. फौजेत बदली झाली की नवा अधिकारी रिकाम्या खोलीत बसत नाही. जुना एकेक वस्तू मोजून देतो, नवा मोजून घेतो, दोघे सही करतात. त्याप्रमाणे जुन्या ब्राउझरमधल्या सर्व साइटची यादी वहीत केली आणि एकेक नव्यात उघडली. ज्यांनी परवानगी मागितली त्यांना दिली. महाकवच अर्थातच सर्वांत आधी. शेवटी देणारा म्हणूनही मीच सही केली, घेणारा म्हणूनही मीच. दोन प्रतींत.

एकही वस्तू मागे राहिली नाही.

१२ सप्टेंबर, ०९२०
निळी लाटही फितूर.

१८ सप्टेंबर, १२३०
सहा दिवस अभ्यास केला. जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला आहे. आठ ब्राउझर, प्रत्येकाला दहापैकी गुण: गुप्तता, शिस्त, वेग, चिन्हाची रुबाबदारी. कोल्ह्यावाल्याला सर्वांत जास्त गुण पडले. पण कोल्ह्यावर विश्वास ठेवू नये हे आपण दुसरीच्या पुस्तकात शिकलो आहोत. सिंहवाला घेतला. चार्ज दिला-घेतला, यादी त्रेचाळीसवर गेली आहे.

तक्ता हलू नये म्हणून आठवडाभर सोफ्यावर ताट घेऊन जेवतोय. रागिणीने तक्त्याकडे एकदा पाहिलं आणि आपलं ताट उचललं. तिचं असं पाहणं मला आवडत नाही.

१९ सप्टेंबर, ०८४०
सिंहवालाही. काल संध्याकाळपर्यंत गप्प होता. आज सकाळी म्हणतो, अभिनंदन, तुम्ही फोन जिंकलात. मी कुठल्याच स्पर्धेत उतरलो नव्हतो.

२६ सप्टेंबर, १०१०
रागिणीने दोघांचे पासपोर्ट मागितले. म्हणाली, मीच भरते फोनवरून. हसू आलं. फोनवरून! मला तीन ब्राउझर पुरेनात आणि ही फोनवरून भरणार. पासपोर्टचा फोटो काढणं म्हणजे गळती, हे समजावून सांगितलं. तिने तिचा घेतलाच. माझा काळ्या ट्रंकेत कुलपात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला.

तिच्या पासपोर्टचं काय बरंवाईट होईल त्याला मी जबाबदार नाही, असं वहीत नोंदवून ठेवतो.

५ ऑक्टोबर, ०६००
शेवटी कोल्हासुद्धा आणून पाहिला. तोही फितला. आता तर सायरनसोबत एक बाई इंग्रजीत सांगते की कॉम्प्युटर बंद करू नका. मी बंद करतो. चालू केला की ती पुन्हा तेच सांगते.

काल सुखना तलावावर चालायला गेलो आणि दोन फेऱ्यांऐवजी बाकावर बसून राहिलो. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही. मला भीती वाटते आहे. मधुरिमा झाली तेव्हा मी तवांगला होतो. तार अकरा दिवसांनी पोचली, बर्फ होतं. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाच महिन्यांची होती आणि माझ्याकडे येताना रडली. वर्दीला घाबरली, असं सगळे म्हणाले. त्या दिवशी ठरवलं होतं की या घरातलं पुढचं बाळ जन्मेल तेव्हा मी तिथे असेन, साध्या कपड्यांत.

सत्तावीस दिवस उरले. फॉर्मवर अजून 'अच्युत' एवढंच आहे.

१२ ऑक्टोबर, १४३०
ओजस्विनी जेवायला आली होती. चंडीमंदिरच्या छावणीत सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहन दलात, कॅप्टन आहे, आपल्या सांगलीची. रागिणीनेच बोलावलं. पुरणपोळीनंतर ती लॅपटॉपसमोर बसली. मी परिस्थिती विशद केली: परकी शक्ती, बहुधा शेजारची, चारही ब्राउझर काबीज.

तिने कुठेतरी दोनदा दाबलं आणि उघडलेली यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग फार अदबीने म्हणाली, सर, बाहेरून कोणी आलेलं नाही. हे त्रेचाळीस जण आत आहेत ते आपल्या परवानगीने. परवानगी आपणच दिली आहे. आणि ते महाकवच आहे ना सर, सायरन तेच वाजवतं. आपण त्याला प्रत्येक ब्राउझरमध्ये स्वतः नेऊन बसवलंत.

स्वयंपाकघरातून रागिणीचा आवाज आला, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. गरज नव्हती.

ओजस्विनीने चार मिनिटांत सगळं साफ केलं. मग ब्राउझर कुठला घेऊ ते विचारलं तर म्हणाली, सर, कुठलाही चालेल. मुलगी हुशार आहे. पण अनुभव कमी.

निघताना तिने सांगितलं की ओळखीचं नसेल तर ब्लॉक दाबा. लक्षात ठेवलं. यापुढे हुकूम एकच: ब्लॉक. अपवाद नाही.

१५ ऑक्टोबर, ११००
तीन दिवस एकही पॉप-अप नाही. घर इतकं शांत की पंख्याचा आवाज येतो. हे मी आधीच करणार होतो.

फॉर्म पुन्हा उघडला. दुसऱ्या पानापर्यंत मजल मारली आणि तिथे सरकारी साइट म्हणते, पुढे जाण्यासाठी या साइटच्या पॉप-अपना परवानगी द्या. अरे वा! पॉप-अपना परवानगी द्या! वेश बदलून आले तरी मी ओळखतो. ब्लॉक.

साइटने पुन्हा विचारलं, मी पुन्हा ब्लॉक केलं. सात वेळा. मग साइटच बंद पडली. विजय आपला.

२२ ऑक्टोबर, ०८१५
नाश्त्याला रागिणीने सांगितलं की तिचा व्हिसा आला. आला म्हणजे? म्हणाली, २६ सप्टेंबरलाच फॉर्म भरला, कुकरच्या शिट्ट्या होईतो. तिकीट २ नोव्हेंबरचं आहे, जावयांनी काढलं. तुम्हाला रोज सांगणार होते. पण तुम्ही रोज लढाईवर होतात.

विचारलं, माझा का नाही भरलास? तिने माझ्या कमरेच्या किल्लीकडे पाहिलं आणि पोहे वाढले.

किल्ली काढून टेबलावर ठेवली. रागिणीने माझा फॉर्म भरला तो अकरा वाजता. आता महिनाभर तरी उत्तर येणार नाही म्हणतात. यात माझी चूक कुठे झाली याचा विचार केला. साइटची रचना सदोष आहे.

२ नोव्हेंबर, १३४५
विमानतळावर सोडून आलो. आत जाताना तिने वळून पाहिलं. मी सॅल्यूट केला, सवयीने. हात हलवायला हवा होता.

फ्रीजमध्ये सोळा डबे आहेत, प्रत्येकावर तारीख. लॅपटॉपवर तिच्या अक्षरात चिठ्ठी: "व्हिडिओ कॉलची लिंक आली की अलाऊ दाबा." चिठ्ठी फायलीत लावली. ब्लॉकचा हुकूम तिला माहीत नसावा.

१० नोव्हेंबर, ०७००
व्हिसा नाही. दहा डबे उरले. स्क्रीन स्वच्छ, कोणीही काही विचारत नाही. राशिभविष्यवालेसुद्धा नाहीत.

आज एकदा वाटलं, निदान ती सायरनवाली बाई तरी असती.

१९ नोव्हेंबर, ०७२५
नात झाली. पहाटे, त्यांच्याकडच्या. दोघी सुखरूप.

जावयांचा, अंशुमनचा, निरोप फोनवर ०६३८ ला आला. अकरा दिवसांनी नाही, त्याच सकाळी. दाढी केलेली होती. निळा साधा शर्ट घातला. लॅपटॉपवर लिंक उघडली. वर डाव्या कोपऱ्यात छोटी खिडकी आली: कॅमेरा आणि माइक वापरू का? बोट आपोआप गेलं. ब्लॉक. पाऊण सेकंद लागला असेल.

मग चित्र आलं. मधुरिमा उशीला टेकलेली, थकलेली, हसणारी. रागिणीच्या हातात पांढरं गाठोडं आणि त्यात एक नाक. माझं नाक. मी मोठ्याने म्हटलं, दिसतेय! रागिणी म्हणाली, अहो, आवाज येतोय का तुम्हाला? म्हटलं, येतोय! तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा ओरडलो. ग्रेवाल मॅडम जिना उतरून आल्या, दारातूनच बधाई हो नानाजी म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे आवाज वरच्या मजल्यापर्यंत जात होता. मेलबर्नला जात नव्हता.

एकदम आठवलं, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी! खरवडून काढली. तरी अंशुमन म्हणत होता, काहीच दिसत नाही, बाबांकडे नेटवर्क नसेल. अलाऊ कुठे असतं ते शोधलं. सगळीकडे शोधलं. ग्रेवाल मॅडमनीही शोधलं. त्या खिडकीने मला एकदाच विचारलं होतं, पुन्हा विचारायला ती आली नाही.

रागिणीने बाळाला स्क्रीनजवळ आणलं आणि सांगितलं, हा काळा चौकोन दिसतोय ना, ते तुझे आजोबा.

बाळाने डोळे उघडले. सरळ माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. मी उभा राहिलो आणि हात हलवला. सॅल्यूट नाही, हात. कॉल संपेपर्यंत हलवत होतो, आठ मिनिटं.

नंतर स्क्रीनवर विचारलं, कॉल कसा झाला? पाचपैकी पाच तारे दिले.