पाहुण्याच्या वहीत आपली खाडी

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा माझ्यावरचा राग अजून उतरला नसेल, तर तो तसाच राहू द्यावा. हे पत्र वाचून पुन्हा चढवायचा त्रास नको. दोन वर्षांपूर्वीचा तो परदेशी पाहुणा आपल्याला कितीला पडला, ते आधी सांगतो. तीन महिने दोन वेळचं जेवण, एक नवी गादी, शाईच्या सहा बाटल्या आणि खाडीचं तोंड. (जेवण त्याने मागून घेतलं. खाडीचं तोंड मी आग्रहाने वाढलं.)

बापडा देश पाहायला निघालेला, दिसेल ते वहीत उतरवायचा. पोती उचलता उचलता वखारीचा मालक झालेला मी. माझं बोलणं कुणी इतकं मन लावून ऐकतंय म्हटल्यावर सुटलोच. निळीची पोती किती, नाक्यावर पहारेकरी किती, त्यातला दुपारी झोपतो कोण, सगळं सांगितलं. सरकत्या वाळूतून जहाज आत आणायची वाट आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, हेही छाती फुगवून सांगितलं. (बाबांनी ती फक्त तुम्हाला दाखवली, पण ती वेळ खरं बोलायची नव्हती.) आता माझं नाव त्यांच्या राजापर्यंत जाणार, असं वखारीत सगळ्यांना ऐकवून झालं. आमचं कुटुंब तेव्हाच म्हणालं होतं, "अहो, तो विहिरीत दोर सोडतो, पण पाणी काढत नाही. दोराला गाठी मारतो." मी म्हटलं, विद्वान आहे.

परवा तीन जहाजं वाळूबाहेर नांगर टाकून उभी राहिली. होडीतून कप्तान आणि त्याचा कारकून वखारीत आले, हातात पाहुण्याचं छापील पुस्तक. त्यांची भाषा मी पाहुण्याकडून उचलली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी पोती मोजल्यासारखं केलं आणि कारकून माझ्यासमोर वाचत राहिला. लोक प्रेमळ आहेत. विहिरीचं पाणी गोड, चारशे माणसांना पुरेल. पहारेकरी सात, तिसरा दुपारी झोपतो. दादा, डोंगरावर एक ओळ नाही, गाण्याबजावण्यावर नाही. (गादीवर आहे. ढेकूण होते म्हणतो.)

"ही वखार कोणाला?" कप्तानाने विचारलं.

"मला. तुम्ही विणकरांची आळी घ्या," कारकून म्हणाला.

किंमत कुणी विचारलीच नाही. जाताना दोघांनी माझ्याशी हसून हात मिळवला.

काल दुपारी होड्यांतून वीस जण उतरले आणि नाका घेतला. तिसरा पहारेकरी झोपेतच गेला. त्याच्या झोपेची नक्कल मी पाहुण्याला तीनदा करून दाखवली होती.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा

ता. क. तोफा मोठ्या जहाजांवर आहेत, आणि वाट दाखवणारा मिळेपर्यंत ती आत येत नाहीत. तेव्हा वहिनींना घेऊन आजच मामांकडे निघा. गुडघ्याची सबब चालणार नाही, पत्रासोबत गाडी धाडली आहे.

पुन्हा ता. क. कारकून पुस्तक वखारीत विसरला, ते रात्रभर जागून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माझं नाव कुठेच नाही. तुमचं आहे, घराच्या खुणेसकट.