लाल ठिपक्याची कढई

इंदिरानगर, नाशिक

प्रिय देवराम,

तू फोन उचलत नाहीस. उचललासच तर ‘हं, बरंय’ म्हणून ठेवून देतोस. म्हटलं, आता कागदच पाठवावा, तो मध्येच बंद करता येत नाही. अक्षर माझं होतं तसंच आहे, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं, तेव्हा चष्मा लावून वाच. ओझरच्या कारखान्यात आपण इतकी वर्षं शेजारी उभं राहून विमानाच्या पत्र्याला रिव्हेट मारले, कंपनीच्या बसमध्ये एकाच बाकावर बसून आलो-गेलो. तुझं कुठलं ‘बरंय’ खरं आणि कुठलं खोटं, हे मला पुण्याहून आलेल्या आवाजावरूनही कळतं. शेवंतावहिनी गेल्या, तू पुण्याला लेकाकडे, हर्षलकडे राहायला गेलास, आणि तेव्हापासून मी एकही खरं ‘बरंय’ ऐकलेलं नाही. या पत्राचं मला उत्तर पाहिजे, आणि ते ‘बरंय’ सोडून दुसरं काहीतरी पाहिजे.

आधी इकडची हालहवाल. मालन अजून हैदराबादलाच आहे. निकिताचं बाळ रांगायला लागलंय आणि तिची रजा संपलीय, तेव्हा आजी तिकडे आणि आजोबा इकडे अशी आमची वाटणी झाली. मीही जाऊन आलो महिनाभर. पण घर लहान, मी बाहेर सोफ्यावर झोपायचो, आणि जावईबापू पाणी प्यायला उठले की आपल्याच घरात चोरपावलांनी चालायचे. शेवटी मीच म्हटलं, नाशिकचं घर बंद ठेवणं बरं नाही, मी निघतो. कुणी थांबा म्हटलं नाही. त्यात कुणाचं काही चुकलं असं नाही, पण म्हटलं नाही हेही खरं.

तर या रो-हाऊसमध्ये मी एकटा. सुरुवातीला बरं वाटलं. टीव्हीचा रिमोट माझा, पंखा मला हवा तेवढा. मग एकेक गोष्ट गळायला लागली. सकाळचं फिरणं गेलं, मग दाढी दोन-दोन दिवस राहायला लागली, मग देवापुढचा दिवा. भाजी चिरायचा कंटाळा म्हणून चहात पाव बुडवून रात्रीचं जेवण उरकायचं. देवा, मला रडूही येत नव्हतं. कुणी मेलं असतं, काही बुडालं असतं तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. इथे लेक सुखात, बायको व्हिडिओ कॉलवर नातवाचे नवे दात दाखवतेय, आणि मी हसायचं म्हणून हसतोय. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, झुंबरला सुख दुखतंय. म्हणून तुलासुद्धा बोललो नाही. तुझ्यावर खरं दुःख कोसळलेलं, त्यात माझं हे बिननावाचं गाऱ्हाणं कुठे घालू?

ओळखलं ते मालननं. कॉलवर माझ्यामागे भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं, त्याचं पान मी दोन महिने उलटलंच नव्हतं. तिनं परस्पर शेजारच्या पूजाला फोन लावला, आणि त्या पोरीनं मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पाटीवर ‘मानसोपचार’ वाचलं आणि मी पायरीवरूनच मागे वळलो. पूजा शांतपणे म्हणाली, “काका, रिक्षा मी सोडून दिलीये.” आत बाकावर कोण बसलं असेल? आपला शेखर, कारखान्यातल्या पेंट शॉपचा. मी म्हटलं, बीपीसाठी आलोय. तो म्हणाला, मीपण बीपीसाठीच. मग त्या पाटीकडे बघून आम्ही दोघंही हसलो. किती महिन्यांनी हसलो होतो कोण जाणे. शेखर वेडा नाही, मीही नाही. वेड्यांची रांग असेल तर ती दुसरीकडे लागत असेल, तिथे मला सगळे आपल्यासारखेच दिसले.

डॉक्टरीणबाई निकिताच्या वयाच्या. त्यांनी माझं निम्मं आयुष्य ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे नैराश्य आहे, साखर वाढावी तसं हे होतं आणि औषधानं आटोक्यात येतं. रात्री घ्यायची एक पांढरी गोळी दिली आणि जेवणाबरोबर घ्यायची एक मोठी सोनेरी कॅप्सूल, आरपार दिसणारी, चांगली बोराएवढी. माझा घसा तुला ठाऊक आहे, साधी तापाची गोळी मला अर्धी करून लागते. काही दिवस त्या कॅप्सुला मी नुसत्याच बघत बसलो. मग डोकं चालवलं. कात्रीनं टोक कापलं आणि आतलं तेल वरण-भातावर पिळलं, वरून लिंबू. पहिला घास तोंडाजवळ नेला आणि वाटलं, वरण नासलं. ताट घेऊन मोरीकडे निघालो आणि मोरीच्या दारातच थांबलो. वास ओळखीचा होता. देवा, तो बुधवारचा वास होता.

बुधवारी तुझ्या डब्यात मासळी असायची. कधी शेवंतावहिनींनी काळ्या मसाल्यात केलेली मरळ, कधी कांद्यावर परतलेली सुकट. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून तू कँटीनमध्ये त्या दिवशी खिडकीपाशी, माझ्याकडे पाठ करून बसायचास. मी कधी सांगितलं नव्हतं तसं. उलट मी म्हणायचो, अरे, माळ माझ्या गळ्यात आहे, नाकात नाही. पण तू ऐकायचा नाहीस. जेवून साबणानं हात धुवायचास, बडीशेप चघळायचास, आणि तरीही बसमध्ये बसताना विचारायचास, “झुंब्या, वास तर नाय ना येत?” यायचा रे. दर बुधवारी यायचा, सगळा रस्ता यायचा, आणि मी नाही म्हणायचो. त्या मोरीच्या दारात तोच वास आला आणि मी ताट हातात धरून लहान पोरासारखा रडलो. बांध फुटावा तसं रडलो. पूजा भिंतीपलीकडून विचारायला लागली, काका, काही पडलं का?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन सरळ विचारलं, बाई, या सोनेरी गोळीत काय आहे. त्या म्हणाल्या, माशाचं तेल. मग त्यांचं माझ्या गळ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. बिचाऱ्या माफी मागायला लागल्या. मी म्हटलं, माफी राहू द्या, हे तेल मनाला करतं काय ते सांगा. तर त्यांनी समजावलं ते असं. आपला मेंदू बराचसा चरबीचाच बनलेला आहे, आणि बांगडा, तारली अशा तेलकट मासळीत एक चरबी असते, ती त्याच्या कामाला लागते. मासळी खाणाऱ्या लोकांत हे दुखणं थोडं कमी दिसतं असं काही अभ्यासांत आढळलंय, औषधाच्या जोडीला हे तेल दिलं तर काहींना जरा उतार पडतो, आणि काहींना काडीचाही फरक पडत नाही. जादू नाही, म्हणाल्या, पांढरी गोळी मात्र सोडायची नाही. मासा तरी ही चरबी कुठून आणतो, तर समुद्रातल्या शेवाळातून. तेव्हा आता मला शेवाळाची कॅप्सूल आहे, वर जवसाची चटणी आणि अक्रोड. जवसाचं शरीरात फार थोडं तसं होतं म्हणे, पण भाकरीबरोबर चटणी लागते झकास. माळ माझी जागच्या जागी आहे. औषधाला दोष नसतो म्हणणारे भेटले, पण मला मासा चुकवायचाच होता, तर वाट मिळाली.

उठता उठता बाईंनी विचारलं, आजोबा, जेवता कुणाबरोबर? मी म्हटलं, टीव्हीबरोबर.  घरी येऊन मी कॅलेंडरची पानं उलटली. बरा झालोय असं म्हणत नाही. संध्याकाळी दिवेलागणीला अजून घर खायला उठतं. पण सकाळी उठतो, दाढी करतो, आणि कधीकधी भूक लागते.

आणि मग मला तुझी गंमत आठवली. हर्षलच्या घरमालकाची अट आहे ना, घरात मांस-मच्छी शिजवायची नाही. म्हणजे तू माळ न घालता माळकरी झालास, आणि मी गळ्यात माळ घालून वरणावर मासा पिळला. देवाच्या दरबारात दोघांचे कागद अदलाबदल झालेले दिसतात. हसलास का? नसशील हसला. मला ठाऊक आहे, तुझं दुखणं मासळीचं नाही. वहिनी परत येणार नाहीत आणि बांगडा खाऊन कुणी परत येतही नाही. पण ज्या माणसाला बुधवार उगवलेला कळायचा, त्याला आता सगळे वार सारखेच, हे मला सहन होत नाही.

म्हणून मी एक उद्योग केलाय. मागच्या ओट्यावर पत्रा टाकून घेतला, एक शेगडी मांडली, आणि भांड्यांच्या दुकानातून कढई, तवा, ताट, वाट्या आणल्या. घरच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका दिलाय. कढईवरचा जरा ओघळलाय. मालनला विचारूनच केलं. ती म्हणाली, “माझ्या कढईला हात लावू नका, बाकी मागं काय करायचं ते करा. अन् भावजींना म्हणावं, जवसाची बरणी वरच्या फळीवर हाय.” मासळीबाजारातही जाऊन आलो. गळ्यातली माळ बघून कोळीणबाई म्हणाली, “काय बाबा, वाट चुकले का?” मी म्हटलं, नाही, मित्र खातो, मरळ कधी येते? ती म्हणाली, “मित्रालाच घेऊन या, तुमाला काय कळतंय त्यातलं.” बरोबर बोलली. मला कळत नाही, आणि मी शिजवणारही नाही. ते काम तुझं.

आता खरं कारण सांगतो. आज सकाळी हर्षलचा फोन आला. पोरगा रडत होता, देवा. तू ताट तसंच परत पाठवतोस हे मला माहीत होतं. डॉक्टरचं नाव काढलं की “मी काय वेडा हाय का” म्हणतोस, तेही माहीत होतं. पण त्यानं नवीन सांगितलं, सूनबाई थंडीचे कपडे आणायला निघाली आणि तू तिला म्हणालास, मला स्वेटर आणू नका, यंदा लागायचा नाही. तिला वाटलं, थंडी कमी पडणार म्हणून म्हणताय. हर्षलला तसं वाटलं नाही, आणि मलाही नाही. मी कॅलेंडर उलटत नव्हतो, तू स्वेटर घेत नाहीस. मला भीती वाटली. तू नसलेलं जग मला नको आहे, हे तुला कधी सांगायची वेळच आली नव्हती, ती आता आलीय. पत्र पोस्टात टाकायचं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण पोस्टावर माझा भरवसा नाही आणि सध्या तुझ्यावरही नाही. तोंडानं तर मला यातलं काहीच बोलता आलं नसतं. म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीनं मीच ते घेऊन निघतोय. तुझ्या हातात देईन आणि तू वाचेस्तोवर तिथेच बसेन. सोमवारी बाईंकडे तुझी वेळ घेतलीय, बाकावर कुणी भेटलं तर बीपी सांग. बुधवारी तू मागच्या ओट्यावर मरळ करायची आणि मी शेजारी बसून भाकरी-चटणी खाईन, पण माझ्याकडे पाठ करून बसायचं नाही. वाचून झालं असेल तर आता मान वर कर, मी समोरच आहे. माझ्या सांगण्यावरून सूनबाईनं तुझी पिशवी भरून ठेवलीय, स्वेटर वरच आहे. नाशिकला थंडी चांगलीच पडलीय. लागेल.

तुझाच,
झुंबर