आईच्या खुब्यातला गोळा

मी, खाली सही करणारी, निवृत्त शास्त्रज्ञ, अविवाहित, माझ्या राहत्या घरी, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवत आहे. डोकं शाबूत आहे. फिरलं असतं तर एव्हाना माफ करून मोकळी झाले असते. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात लिहिलं होतं. हे शांतपणे लिहिते आहे, त्यामुळे जास्त झोंबेल.

१. राहतं घर माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला, द्यावं. अट एकच: तिच्या वडिलांनी या घराचा उंबरठा ओलांडू नये. भाची म्हणेल, "मावशी, आता पुरे ना!" नाही, पुरे नाही. कारण पुढे येईल.

२. माझं रामन यंत्र विज्ञान महाविद्यालयाला द्यावं. प्रयोगशाळेने ते भंगारात काढलं, तेव्हा मी विकत घेऊन दुरुस्त केलं. पदार्थावर लेसर टाकला की थोडासा प्रकाश रंग बदलून परत येतो. त्याच्या आलेखातल्या शिखरांवरून आतले अणू कसे रचलेत ते कळतं. रचना बदलली की शिखरं बदलतात. माझी सगळी नोकरी हे बदल बघण्यात गेली.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे भाचीचे वडील, होते. कृत्रिम खुब्यासाठी सिरॅमिकचे गोळे बनवणारा एक कारखाना आम्हाला पैसा पुरवी. त्या गोळ्यांचे नमुने मी दमट उबेत ठेवले, शरीरात असावेत तसे. काही दिवसांनी आलेखात एक नवं जोडशिखर उगवलं. वरचा थर रचना बदलत होता, फुगत होता. पुढे त्याला तडे जाणार हे उघड होतं.

"लेसरने नमुना तापला असेल," भाऊजी म्हणाले.

"लेसर कमी करून पाहिला. शिखर तिथेच आहे."

"मग अहवाल माझ्याकडे राहू दे."

तो त्यांच्याकडेच राहिला. त्याच वर्षी आईचा खुबा मोडला आणि भाऊजींनी तोच गोळा सुचवला. मी आईला घसा फोडून सांगितलं. भाऊजी हसून म्हणाले, "आई, जावयावर विश्वास नाही का?" आई म्हणाली, "भांडू नका गं," आणि गोळा बसवून घेतला.

पुढे आई स्वयंपाकघरात वळताना तो आत फुटला. त्यानंतर आई अंथरुणातून उठली नाही. तुकडे काढणाऱ्या सर्जनबाईंनी ते बरणीत घालून माझ्या हातात दिले. मी ते लेसरखाली धरले. तेच जोडशिखर होतं, फक्त कितीतरी उंच. आलेख घेऊन भाऊजींच्या खोलीत गेले.

ते म्हणाले, "आता आई परत येणार आहे का? मग कशाला?"

पुढे ते संचालक झाले.

३. ते तुकडे यंत्रासोबत द्यावेत. दरवर्षी विद्यार्थ्यांनी त्यांचं रामन मापन करावं आणि शिकवणाऱ्याने वरचं सगळं बोलणं, 'भाऊजी'च्या जागी त्यांचं पूर्ण नाव घेऊन, वर्गात वाचून दाखवावं. ही अट पाळायची नसेल तर यंत्र देऊ नये.

४. बँकेतली शिल्लक यंत्राच्या देखभालीला. लेसर कधीतरी जाईल. ही गोष्ट त्यासाठी थांबू नये.

५. भाऊजींना मी काहीही देत नाही. शोकसभा झालीच, तर त्यांना बोलू देऊ नये. ते फार छान रडतात.

६. आईच्या सोन्याच्या बांगड्या धाकट्या बहिणीला, असं मी लिहिलं होतं. तिने इतकी वर्षं नवऱ्याचीच बाजू घेतली, तरी बांगड्या आईच्या होत्या. काल ती आली. मी मसुदा पुढे केला. तिने तो उभ्यानेच वाचला.

"हे कलम खोड," ती म्हणाली.

"इतका राग?"

"ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं ना? मग मला काही ठेवू नकोस. मला सही करायची आहे."

बांगड्या सर्जनबाईंच्या रुग्णालयातल्या परिचारिकेला द्याव्यात, जिने शेवटपर्यंत आईची कूस बदलली.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार:
१. (सही) तुकडे काढणाऱ्या सर्जन
२. (सही) लिहून ठेवणारीची धाकटी बहीण, संचालकांची पत्नी